‘व्होलटाइल’ कोणासाठी?

लिनक्ससारख्या कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये एकाच चलावर अनेक कोअर एकाच वेळी हात घालत असतात, आणि अशा सामायिक चलाच्या घोषणेत सी भाषेतील ‘व्होलटाइल’ हा शब्द जोडला की ते सुरक्षित झाले, असा समज प्रोग्रॅमरांमध्ये बराच रुजलेला आहे. वस्तुतः 1989 च्या सी मानकातील हा शब्द ताकीद देतो ती कंपायलरला : चलाचे मूल्य बाहेरून बदलू शकते, म्हणून ते रजिस्टरमध्ये साठवून वापरू नये आणि कोणतेही वाचन अनावश्यक मानून गाळू नये. थ्रेड या मानकात आले ते थेट 2011 मध्ये, त्यामुळे कोअरांमधील स्पर्धेचा विचार या शब्दामागे नव्हताच.

एखादी वस्तू किती जण वापरत आहेत हे मोजणारा गणक 5 असताना दोन कोअरांनी त्यात प्रत्येकी एक मिळवला, तर उत्तर 7 यायला हवे; परंतु वाचणे, मिळवणे व परत लिहिणे या तीन वेगळ्या पायऱ्या असल्याने दोघांनीही 5 वाचून 6 लिहिणे शक्य असते, आणि व्होलटाइल ते रोखू शकत नाही. त्यासाठी अॅटॉमिक, म्हणजे मध्येच तुटू न शकणारी क्रिया लागते, जी एक्स86 प्रोसेसर ‘लॉक’ हा उपसर्ग लावलेल्या सूचनेने पार पाडतो. क्रमाचा प्रश्न याहून फसवा आहे. एका कोअरने आधी माहिती लिहून मग ‘तयार’ अशी खूण केली, तरी आर्म प्रोसेसरवर दुसऱ्या कोअरला नवी खूण आणि जुनीच माहिती दिसू शकते. एक्स86 वर प्रोसेसर हा उलटफेर होऊ देत नाही, म्हणून तेथे वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला कोड आर्म प्रोसेसर असलेल्या फोनवर कोसळू शकतो. हा क्रम राखण्यासाठी मेमरी बॅरियर, म्हणजे लेखन-वाचनाची अदलाबदल अडवणारी सूचना, स्पष्टपणे घालावी लागते.

अर्थात, अॅटॉमिक गणकही ओसंडून शून्यावर येऊ शकतो. 2016 च्या आरंभी उघड झालेल्या लिनक्सच्या की-रिंगमधील, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या भागातील, त्रुटीत 32 बिटांचा गणक असाच फिरवून, वापरात असलेली स्मृती मोकळी करवून घेता येत होती. पुढच्याच वर्षी कर्नलमध्ये आलेला ‘रेफकाउंट’ हा प्रकार ओसंडण्याऐवजी एका मोठ्या मूल्यावर अडकून बसतो, कारण थोडी स्मृती वाया जाणे हे घुसखोरीपेक्षा कधीही परवडते.

व्होलटाइलबाबत लिनक्सची भूमिका अशी की अस्थिरता चलाची नसते, त्या-त्या वापराची असते. स्पिनलॉकच्या, म्हणजे एका वेळी एकाच कोअरला प्रवेश देणाऱ्या कुलपाच्या, आत चल दुसरे कोणी बदलत नाही, तेव्हा तेथे व्होलटाइल केवळ कंपायलरचे हात बांधते. लॉकविना वाचायचे तेथेच ‘रीड-वन्स’ हा मॅक्रो वापरावा. गंमत म्हणजे त्या मॅक्रोच्या पोटात व्होलटाइलच दडलेले असते, फक्त त्या एका वाचनापुरते. घड्याळाचे ठोके मोजणारे ‘जिफीज’ हे चल मात्र आजही व्होलटाइल म्हणूनच घोषित आहे, आणि त्याचे अनुकरण करू नये असे कर्नलचे दस्तऐवजच बजावतात.