जड पाणी : आधी तपासणी, मग उपाय

पवनेच्या काठी वसलेल्या काळेवाडीत दोन प्रकारचे पाणी वापरात येते. नळाचे पाणी पवना नदीचे. ते रावेतच्या बंधाऱ्यातून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध केले जाते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. नळाचे पाणी पुरेनासे झाले की विंधन विहिरीचा आधार घ्यावा लागतो. काळ्या पाषाणातून झिरपताना या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. मग साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही आणि गिझरमध्ये पांढरा थर साचून वीज अधिक खर्ची पडते. अशा वेळी यंत्र आधी घेतले जाते व तपासणी मागे राहते. हा क्रम बदलणे अगत्याचे आहे.

भारतीय मानकानुसार (१०५०० : २०१२) पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा; दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. म्हणून नळाचे व विहिरीचे नमुने वेगवेगळे तपासून घ्यावेत. ग्रामीण भागात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांचे साहाय्य मिळू शकते.

जडपणा अस्थायी असेल तर पाणी उकळून, निवू देऊन वरचे नितळ पाणी घेतल्यास तो बराच कमी होतो. कायम जडपणा उकळून जात नाही. कपड्यांसाठी अशा पाण्यात धुण्याचा सोडा वापरावा. स्नान व गिझरसाठी रेझिनचे मृदूकरण यंत्र उपयोगी पडते. त्यातील रेझिन वेळोवेळी मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. या यंत्राच्या पाण्यात सोडियम वाढते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते पिण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आर. ओ. यंत्राने क्षार कमी होतात, पण बरेच पाणी वायाही जाते. म्हणून एकूण क्षार खरोखरच जास्त असतील तरच, आणि तेही केवळ पिण्यापुरते, हे यंत्र घ्यावे. वाया जाणारे पाणी फरशी पुसण्यास वापरावे. तुरटी, कँडल फिल्टर किंवा अतिनील किरणांचे यंत्र यांनी जडपणा जात नाही.

जडपणा म्हणजे दूषितपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्याच्या कारणास्तव जडपणाची मर्यादा ठरविलेली नाही. उलट, हलके पाणीही रोगजंतूंनी दूषित असू शकते. त्यासाठी निर्जंतुकीकरण वेगळेच करावे लागते.

शिक्षकांनी दोन बाटल्यांत नळाचे व विहिरीचे समान पाणी घेऊन, त्यांत साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब टाकून त्या हलवून दाखवाव्यात. फेसातील फरक मुले घरी सांगतील. पंचायत सदस्यांनी गावातील प्रत्येक विंधन विहिरीचा तपासणी अहवाल फलकावर लावावा. त्यामुळे कोणते पाणी कोणत्या कामासाठी, हे ग्रामस्थांना ठरविता येईल व अनावश्यक खर्चही टळेल.