बावीस पंप आणि एक साचा

आजचा विषय कारखान्यातल्या स्क्रीनचा. ऑपरेटर ज्या स्क्रीनवर बोट ठेवून पंप चालू-बंद करतो ती, म्हणजे एचएमआय. पण आधी माझी फजिती ऐका.

माझं पहिलं मोठं काम एका जलशुद्धीकरण केंद्राचं होतं. 22 पंप. मी काय केलं? एक पंप छान काढला, 21 वेळा कॉपी-पेस्ट केला आणि प्रत्येकाचे टॅग हाताने बदलत बसले. टॅग म्हणजे पीएलसीमधल्या माहितीचं नाव: चालू, बंद, ट्रिप, करंट वगैरे. एका पंपाला 9, म्हणजे एकूण 198. रात्री दोनला संपवलं.

चाचणीच्या दिवशी ऑपरेटर काकांनी 14 नंबरचं स्टार्ट दाबलं. सुरू झाला 13! तिथे फिटर उभा होता, कपलिंगवरचं गार्ड काढलेलं. आयसोलेटर बंद केला नव्हता ही त्यांची चूक, पण बटणाचा टॅग चुकवला होता मी. कोणाला काही झालं नाही. काका एवढंच म्हणाले, "मॅडम, आता बाकीचे एकवीस पण बघून घ्या." बघितले. दोन दिवस गेले.

इथे टेम्प्लेट लागतं. तुम्ही म्हणाल, साचाच ना, मोदकाचा असतो तसा? थोडा फरक आहे. मोदक साच्यातून निघाला की त्याचा साच्याशी संबंध संपतो. ते झालं कॉपी-पेस्ट. टेम्प्लेटमध्ये साचा बदलला की आधी काढलेले मोदकही बदलतात. पंपाचं चित्र, बटणं, रंग एकदाच बनवायचे आणि प्रत्येक ठिकाणी फक्त "पंप 14" एवढं एक नाव द्यायचं. बाकीचे नऊ टॅग ते स्वतः शोधतं. चुकायला जागा 198 वरून 22 वर येते.

सीमेन्सच्या टीआयए पोर्टलमध्ये याला फेसप्लेट म्हणतात, रॉकवेलच्या फॅक्टरीटॉक व्ह्यूमध्ये ग्लोबल ऑब्जेक्ट. इग्निशनमध्ये टॅगचा साचा म्हणजे यूडीटी. अट एकच: पीएलसीतही सगळ्या पंपांची रचना आणि नावं एकाच पद्धतीची हवीत. तिथे कोणी एकाला "पीएमपी14" आणि दुसऱ्याला "मोटर_नवीन2" म्हटलं असेल, तर आधी ती साफसफाई. कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

आता उलटी बाजू. साच्यात ट्रिपचा बिट उलटा जोडलात तर 22 पंप एकदम खोटं बोलतील. म्हणून साचा बदलला की आधी एकाच पंपावर तपासायचा. आणि एकाच साच्यात पंप, व्हॉल्व्ह, पंखा असं सगळं कोंबू नका. लपवलेले पर्याय इतके वाढतात की बनवणाऱ्यालाही कळत नाही. तीन छोटे साचे परवडले.

अजून एक. 2005 मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट झाला, 15 माणसं गेली. कारणं बरीच होती. त्यातलं एक असं, की टॉवरमध्ये किती द्रव येतोय आणि किती बाहेर जातोय, हे दोन आकडे वेगवेगळ्या स्क्रीनवर होते. टॉवर भरत गेला, आणि ते एका नजरेत दिसलं नाही. असा दोष साचा पकडत नाही, कारण साच्याला एक पंप कळतो, अख्खी प्रक्रिया नाही. कुठले आकडे शेजारी-शेजारी हवेत, हे काकांसारख्या माणसाजवळ बसूनच ठरवावं लागतं. मी आता स्क्रीन काढायच्या आधी एक अख्खी शिफ्ट त्यांच्या खुर्चीमागे बसते. चहा मिळतो, तो वेगळा!

पुढच्या भागात अलार्मबद्दल बोलू.