हळदीची लॅब टेस्ट: कोणती करायची, कोणती नाही



उमरखेड, महागाव, पुसदकडच्या सभासदांची हळद आता काढणीला आली. काही जण विचारतात, "हळदीची जंतुनाशक टेस्ट करून पाकिटावर छापलं तर भाव जास्त मिळेल का?" त्याचं हे उत्तर.

लॅबमध्ये काचेच्या ताटलीत जेलीवर जंतू वाढवतात आणि मधे हळदीचा अर्क टाकतात. दुसऱ्या दिवशी अर्काभोवती जंतू वाढलेले नसतात, तिथे मोकळं वर्तुळ दिसतं. ते मिलीमीटरमध्ये मोजतात. अँटिऑक्सिडंट टेस्टमध्ये जांभळं द्रावण हळूहळू फिकट पिवळं होतं. जितका रंग उतरला तितका गुण जास्त.

आता खरी गोष्ट बघा. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून एकाच हळदीचा पाण्यातला अर्क आणि अल्कोहोलमधला अर्क वेगळा रिपोर्ट देतो. शिवाय खाल्लेलं करक्युमिन रक्तात फारच थोडं पोचतं. ताटलीतले जंतू मेले म्हणजे माणसाचा आजार बरा झाला, असं होत नाही. विळा-कोयता खोल लागला तर हळद दाबून घरी बसू नका. जखम स्वच्छ पाण्याने धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

हळद जखमेवर चालते हे आपल्याला जुनंच माहीत आहे. 1995 मध्ये अमेरिकेत त्याचंच पेटंट दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून दिले. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. तिथे लिहून ठेवलेलं कामी आलं, हे लक्षात घ्या.

पण पाकिटावर "रोग बरा करते", "जंतू मारते" असं छापू नका. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे.

मग टेस्ट कोणती? खरेदीदार पैसे देतो ते करक्युमिनचं प्रमाण, ओलावा आणि शिसं नसल्याच्या रिपोर्टला. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगाव हळदीला 2016 मध्ये जीआय मिळालं, तिची ओळखच जास्त करक्युमिनची. आपल्याकडे पॉलिशच्या वेळी पिवळा रंग मारण्याचा मोह कुणालाही होऊ नये. त्यात शिसं असू शकतं आणि सगळा लॉट परत येतो.

नमुना असा काढा: एकाच वावरातल्या, एकाच जातीच्या मालाच्या वेगवेगळ्या पोत्यांतून मूठ-मूठ घ्या, वरचे देखणे हळकुंड निवडून नको. जेठे गड्डे वेगळे ठेवा. पुरं वाळलेलं अर्धा किलो कोरड्या पिशवीत भरा. उन्हात-उजेडात ठेवू नका, करक्युमिन उजेडाने कमी होतं. चिठ्ठीवर गट नंबर, जात, काढणी आणि शिजवल्याची तारीख लिहा आणि नमुना संकलन केंद्रावर आणून द्या.