शिंका थांबल्या, सूज थांबली का?

सकाळी अंथरूण झटकलं की ज्यांच्या शिंकांची माळ लागते, ते बहुतेक जण ‘प्रतिकारशक्ती कमी पडते’ असं म्हणतात. खरं तर इथे ती कमी पडत नाही, नको तिथे राबते. गादी-उशीच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे माइट आपल्याच त्वचेचा कोंडा खाऊन जगतात. त्यांच्या विष्ठेतलं एक विकर नाकाच्या अस्तरातल्या पेशींचे सांधे सैल करतं. आत मास्ट पेशी बसलेल्या असतात, अंगावर आयजीई प्रतिपिंडं घेऊन. माइटच्या प्रथिनाने शेजारशेजारची दोन प्रतिपिंडं एकत्र ओढली की पेशी काही मिनिटांत हिस्टामिन ओतते. खाज, शिंका, पाणी हे सगळं तिथूनच येतं.

आपण मात्र आजार इथेच संपला असं धरून चालतो. चार-आठ तासांनी दुसरी फेरी सुरू होते आणि माझ्या मते खरा आजार तीच आहे. टी पेशींच्या इंटरल्यूकिन-५ या संदेशामुळे रक्तातले इओसिनोफिल वाढतात आणि नाकात उतरतात. अशा नाकातला स्राव काचपट्टीवर रंगवून पाहिला तर त्या पेशी लगेच ओळखू येतात: दोन पाळ्यांचं केंद्रक, भोवती लालभडक कण गच्च भरलेले. त्या कणांतली प्रथिनं अस्तरालाच इजा करतात. नाक चोंदतं, वास कमी होतो, अस्तर अधिकाधिक हळवं होतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जॉन कॉनेल यांनी रुग्णांच्या नाकात रोज परागकण सोडून पाहिले, तेव्हा दिवसागणिक कमी परागही पुरू लागले.

‘गोळीने बरं वाटतं की!’ वाटतं, आणि त्रास अधूनमधून होत असेल तर ती पुरेही. पण ती हिस्टामिनला अडवते. जमलेल्या इओसिनोफिलवर तिचा फारसा इलाज चालत नाही, म्हणून शिंका थांबून नाक चोंदलेलंच राहतं. स्टेरॉइडचा फवारा ही पेशींची जमवाजमवच आवरतो. स्टेरॉइड म्हटलं की घरात भीती पसरते. ती गोळ्या-इंजेक्शनांच्या अनुभवातून आलेली आहे. फवाऱ्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि नव्या औषधांचा तर अगदी थोडा अंश रक्तात पोचतो. नाक कोरडं पडणं, क्वचित रक्त येणं हे होतं. मुलांना तो दीर्घकाळ द्यायचा तर उंचीवर लक्ष ठेवावं. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. तेव्हा डॉक्टरांनी फवारा दिला असेल, तर तो मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला मारा, आणि चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका.