राबत्याचं घर

कोकणातलं घर एका पावसात पडत नाही. आधी त्यातली तरणी माणसं मुंबईला जातात. मग ती गणपतीपुरती येऊ लागतात, आणि एखाद्या वर्षी गणपतीच मुंबईला नेला जातो. चूल विझली की माळ्यावरचं लाकूड दमट राहतं आणि वाळवीला रान मोकळं होतं. मे महिन्यात कौलं चाळायला कुणी नसलं की एक निसटलेलं कौल तसंच राहतं. त्याखालची रीप कुजते, मग वासा, मग पाणी भिंतीच्या माथ्यात शिरतं. काही वर्षांनी त्या घराची जाहिरात येते: ‘निसर्गरम्य परिसर, जुनं कौलारू घर, विहीर, आंबा-काजूची झाडं. किरकोळ दुरुस्तीची गरज.’

ही ‘किरकोळ दुरुस्ती’ करायला पुण्या-मुंबईहून निघालेल्यांसाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. जुनं घर चिऱ्यामुळे किंवा सागामुळे टिकत नाही, दरवर्षीच्या राबत्यामुळे टिकतं. तो थांबला की छपराइतकेच कागदही गळायला लागतात. म्हणून पाहणी दोन्हींची करायची, आणि आधी कागदांची.

सातबारा आणि भाऊबंद

पहिला प्रश्न: घर उभं आहे ती जमीन कसली? गावठाणात असेल तर व्यवहार त्या मानाने सोपा. 2020 साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावठाणांत मिळकत पत्रिकाही मिळते. पण कोकणातली वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली. कित्येक घरं शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरातच उभी असतात, आणि अशी जमीन घरासकट घ्यायची तर 1948 च्या कूळकायद्याचं कलम 63 आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. ‘घरपट्टी माझ्या नावावर आहे’ हे मालकाचं उत्तर पुरेसं नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठ कर कोण भरतो ते सांगतो, मालकी सिद्ध करत नाही.

सातबाऱ्यावर भोगवटादाराचा वर्ग पाहा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, कूळकायद्यातल्या विक्रीच्या अटी तिथेच सापडतात. मग जुने फेरफार काढून घ्या. पुष्कळदा दिसतं ते असं, की पणजोबा गेल्यावर वारसनोंदच झालेली नाही. तीन पिढ्यांच्या नोंदी एकदम करायला घेतल्या की नालासोपाऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंत पसरलेले वारस निघतात. लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणीही त्यात येतात. त्यांचा हक्क कायद्याने आहे, ‘त्या काही मागणार नाहीत’ या भरवशावर तो संपत नाही. प्रत्येकाची सही खरेदीखतावर हवी, नाहीतर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र.

‘सध्या माझा हिस्सा घ्या, बाकीच्यांचं मी बघतो,’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन उठावं. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेतलेल्या परक्याला घरच्यांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही, असं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 सांगतं. पैसे देऊनही तुम्ही अंगणाबाहेरच राहाल. वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, आणि सरकारी मोजणी झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

काही गोष्टी कुठल्याच उताऱ्यावर नसतात. घरापर्यंतची पाणंद कुणाच्या जागेतून जाते? विहिरीवर शेजारच्या घराचा वाटा आहे का? आणि हे मूळ घर असेल तर भाऊबंदांचा गणपती यापुढे कुठे बसणार, देवघरातले देव कोण नेणार? हे व्यवहाराआधी ओटीवर बसून बोलून घ्यावं. नंतर ते भांडण होतं.

घर समुद्राजवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात. भरतीरेषेजवळ नवं बांधकाम जवळजवळ अशक्य असतं. तिथे मूळ घराचं अधिकृत अस्तित्व हीच दुरुस्तीची मुख्य पुंजी. म्हणून आधी मोजमापं आणि फोटो, मग परवानगी, आणि पहारीला हात सगळ्यांत शेवटी.

गोव्यात गणित आणखी वेगळं. तिथे एक-चौदाचा उतारा पाहतात, विक्रीला नवरा-बायको दोघांची संमती लागते, आणि वारसवाटणी इन्व्हेंटरीच्या दाव्यातून झाली आहे का ते तपासावं लागतं. जागेत मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, असेल तर 1975 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे.

आषाढात पाहावं घर

कागद जमत असले तर घराकडे वळा. मे महिन्यात पाहिलेलं घर आषाढात पुन्हा पाहा. भर पावसात तासभर आत उभं राहिलं की कुठे गळतं, कुठल्या भिंतीला ओल चढते, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जातं की पायातच मुरतं, हे आपोआप कळतं. पश्चिमेची झड पडवीत किती येते तेही बघा. जुनी माणसं त्या बाजूला पावसाआधी माडाची झापं बांधत, ती उगाच नाही.

लाकडाला हात लावल्याशिवाय विश्वास ठेवू नये. खांब, तुळया ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, किंवा स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला, तर वरचा रंग फसवा आहे. भिंतीवर वाळवीच्या मातीच्या रेघा शोधा. तुळईचं टोक भिंतीत गाडलेलं असतं आणि कुजायला तिथूनच सुरुवात होते. सुखाची गोष्ट अशी, की पूर्ण तुळई सहसा बदलावी लागत नाही. चांगला सुतार कुजलेलं टोक कापून तिथे नवं लाकूड सांधतो. दारं-खांब विकत घेणारे दलालही अशा घरांवर टपून असतात. इसार दिल्यावर घर होतं तसंच ताब्यात मिळेल, हे लिहून घ्या.

जुन्या घराची मांडणी कशी असते हे कळावं म्हणून रत्नागिरीतलं लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आणि मालगुंडचं केशवसुतांचं घर आधी बघून यावं. गोव्यात तोर्ड्याला जेरार्ड डिकुन्हा या वास्तुविशारदाने उभारलेलं ‘हाउसेस ऑफ गोवा’ संग्रहालय आहे. ओटी, पडवी, माजघर यांची उंची आणि उजेड कसा ठरतो हे समजलं, की आल्या आल्या भिंत पाडून ‘हॉल’ करायची हौस थोडी शमते.

छप्पर आधी, सिमेंट नाही

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे: छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंती, मग जमीन, आणि वीज-न्हाणीघर शेवटी. उत्साही मंडळी नेमकी उलटी सुरुवात करतात. फरशा बसतात आणि पहिल्याच पावसात वरून धार लागते.

कुंभाराच्या नळ्यांची जागा पुढे मंगलोरी कौलांनी घेतली. बासेल मिशनने मंगळूरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती पश्चिम किनारपट्टीभर पोचली. प्रत्येक कारखान्याची खाच थोडी वेगळी असते, त्यामुळे एका छापाच्या कौलात दुसऱ्या छापाचं नीट बसत नाही. कौल उलटं करून छाप पाहा आणि तीच कौलं आसपासच्या पडक्या घरांतून गोळा करा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य छपरं उडवली. म्हणून वाऱ्याच्या तोंडाच्या ओळी आणि आढ्यावरची कौलं पक्की करून घेणं आता चैन राहिलेली नाही.

भिंती बहुतेक जांभ्या चिऱ्याच्या, मातीत किंवा चुन्यात रचलेल्या. जांभा खाणीतून निघताना मऊ असतो आणि हवेने कडक होतो. तो सच्छिद्र आहे, पावसात ओल घेतो आणि पुढे सोडून देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार साचतात, चिरा भुसभुशीत होतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. चुन्याचा गिलावा तीच ओल बाहेर जाऊ देतो. चुना आधी भिजवून मुरवावा लागतो. गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत ठिकठिकाणी वेगळी. काम पावसाळा सरल्यावर घ्यावं आणि गिलावा सावकाश वाळू द्यावा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळायला वेळ लागतो. त्याच्या तारखेप्रमाणे आपला बेत बदलायची तयारी हवी.

खरा हिशेब

पहिल्या वर्षी छप्पर आणि निचरा, एवढंच करावं. एक अख्खा पावसाळा त्या घरात काढला की कुठली भिंत हवी आणि कुठली नको, हे घरच सांगतं.

आणि हिशेब मांडताना खरेदीची किंमत, मुद्रांक शुल्क, गवंड्याची मजुरी यांखाली आणखी एक ओळ लिहावी: वर्षाचा राबता. मे महिन्यातली कौलांची चाळणी, वाळवीची फवारणी, पश्चिमेची झापं, वाढलेलं रान काढणं, आणि आठवड्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून केर काढणाऱ्या गावातल्या माणसाचा पगार. ही ओळ दरवर्षी लिहावी लागते, घर आपलं असेपर्यंत. ती झेपत असेल तर मोडकं घरही बिनधास्त घ्या. नसेल तर थोडी जागा बघून चिऱ्याचं नवं, आटोपशीर घर बांधा. त्यात काही कमीपणा नाही. जुनं घर घेऊन त्याला पुन्हा कुलूप लावण्यापेक्षा ते केव्हाही बरं.