दात, दुखणे आणि दिरंगाई

दाताच्या डॉक्टरकडे जायचे ठरले, की आपल्याला एकाएकी कितीतरी कामे आठवतात. कुणाला बँकेत जायचे असते, कुणाकडे पाहुणे यायचे असतात, आणि कुणाची ठणक तर नेमकी दवाखान्याच्या पायरीशी आली की थांबते! तुमच्याही बाबतीत असे झाले असेल. माझ्या बाबतीत तर झालेच आहे. ताप आला तर आपण दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठतो. दात मात्र महिना महिना दाबून धरतो. असे का व्हावे? मला वाटते, आपण आपल्या दुखण्याला भीत नाही, आपल्या आजोबांच्या दुखण्याला भितो. ते दुखणे खरे होते. पण ते आता उरलेले नाही, ही बातमी आपल्या घरापर्यंत अजून नीटशी पोचलेली नाही.

आधी ते जुने दुखणे पाहू. आमचे आजोबा औरंगाबादचे. शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ साली मिळाले. आजोबांच्या तरुणपणी ते निजामाच्या राज्यातले औरंगाबाद होते. दाढ दुखू लागली की पहिला इलाज घरचाच. लवंग दाढेखाली धरायची, किडलेल्या भोकात हिंगाचा खडा दाबायचा, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या. तेवढ्याने भागले नाही तर रिंगणीच्या बियांची धुरी. निखाऱ्यावर बिया टाकायच्या, नळीने धूर तोंडात घ्यायचा आणि पाण्याच्या भांड्यावर तोंड वाकवायचे. थोड्या वेळाने पाण्यात पांढरे, बारीक काहीतरी तरंगू लागे. ‘पडले बघा किडे!’ म्हणून घरची माणसे हुश्श करीत.

ते किडे नसत. शेकून फुटलेल्या बियांच्या आतलाच तो पांढरा भाग असे. पण आजोबांच्या पिढीला नावे ठेवू नका. दातात किडा असतो ही समजूत बाबिलोनच्या प्राचीन लेखांत आहे, आणि आपल्या सुश्रुतसंहितेतही दाताच्या एका रोगाचे नाव ‘क्रिमिदंतक’ असेच आहे. आपण आजही ‘दाताला कीड लागली’ म्हणतोच की! आणि लवंगेचे म्हणाल, तर आजीचे अगदी बरोबर होते. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे द्रव्य ठणका कमी करते, आणि दाताचे डॉक्टर जस्ताच्या भस्मात तेच मिसळून तात्पुरते सिमेंट भरतात. दवाखान्यात शिरताच जो वास येतो ना, तो बराचसा आजीच्या डब्यातल्या लवंगेचाच असतो.

धुरीनेही दाढ राहिली नाही, तेव्हा आजोबा आठवडी बाजारात गेले. तिथे एक मनुष्य फडके अंथरून बसे. पुढे काढलेल्या दातांचा ढीग आणि हातात सांडशी. दोघांनी आजोबांचे खांदे धरले, एकाने डोके दाबले, आणि दाढ निघाली. पण निघाली ती अर्धीच. मुळे आत राहिली. पंधरा दिवस गाल भोपळ्यासारखा सुजला होता. पुढे जन्मभर कुणी दाताच्या डॉक्टरचे नाव काढले, की आजोबांचा हात आपोआप गालावर जाई. वडिलांनी तो हात पाहिला, आम्ही वडिलांचा पाहिला. घरातली भांडी वारशाने येतात, तशी ही भीती आमच्याकडे आली.

गंमत अशी, की ज्या भुलीमुळे आज माणसाच्या पोटाचे नि हृदयाचे ऑपरेशन होते, ती भूल जगाला दिली दातांच्याच डॉक्टरांनी. अमेरिकेतील होरेस वेल्स हा दंतवैद्य. त्याने १८४४ साली हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. त्याचा एकेकाळचा जोडीदार विल्यम मॉर्टन, हाही दंतवैद्यच. त्याने १८४६ साली बोस्टनच्या इस्पितळात शस्त्रक्रियेसाठी ईथर देऊन रोग्याला बेशुद्ध करून दाखवले. पण यात सगळा मनुष्यच बेशुद्ध करावा लागे. एका दाढेसाठी एवढे कशाला? १८८४ साली कोकेनने नुसती जागा बधिर करता येते असे दिसले, पण ते औषध व्यसन लावणारे आणि धोक्याचे. १९०५ पासून नोव्होकेन आले. मग १९४३ साली स्वीडनमध्ये नील्स लफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. आज तुमच्या हिरडीत जी सुई टोचतात, तिच्यात बहुधा हेच औषध असते.

औषध निघाले म्हणून ते लगेच गावोगाव पोचले असे नव्हे. दाताच्या धंद्याला शिस्त लावणारा कायदा आपल्या देशात १९४८ साली झाला. त्यात दोन याद्या केल्या: एक शिकलेल्या दंतवैद्यांची, आणि दुसरी पदवी नसलेल्या, पण निदान पाच वर्षे याच धंद्यावर पोट असलेल्यांची. दुसरी यादी करावी लागली, यावरूनच त्या काळी दात कोणाच्या हाती होते ते कळते. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ सालीच निघाले होते. पण मराठवाड्याला मुंबई लांब. औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले, ज्याच्या इस्पितळाला आपण सगळे ‘घाटी’ म्हणतो. आणि दातांचे शासकीय महाविद्यालय व रुग्णालय निघाले १९८२ साली. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या माणसाचे बालपण त्याच्याशिवायच गेले. त्यांच्या मनात जुनी सांडशी राहिली, यात नवल ते काय?

आता माझीच गोष्ट सांगतो. दोन वर्षांमागे माझी खालची दाढ गार पाण्याने शिवशिवू लागली. मी त्या बाजूने खाणे सोडले. मग गरम चहाने ठणकू लागली, रात्री तर फार. मी गोळ्या घेतल्या. आणि एके दिवशी ठणका आपोआप थांबला! मी घरात पेढे वाटायचेच बाकी ठेवले. चार महिन्यांनी जबडा सुजला, तोंड उघडेना, तेव्हा मुलगा धरून घेऊन गेला. डॉक्टर बाई तरुण होत्या. फोटो पाहून म्हणाल्या, ‘काका, दुखायचं थांबलं, तेव्हाच यायला हवं होतं.’

हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. त्याचा अर्थ असा. दाताचे वरचे कवच शरीरातले सर्वांत कठीण, पण त्याला संवेदना नाही. तोंडातले जंतू गोडाचे आम्ल करतात आणि ते आम्ल कवच पोखरते, तेव्हा काहीच दुखत नाही. खालच्या थरापर्यंत खड्डा गेला की गार-गरम लागू लागते. त्याच्याही आत नस आणि रक्तवाहिन्या असतात. तिथे सूज आली, तर भोवतीच्या हाडासारख्या भिंती काही पसरत नाहीत. म्हणून ठणका लागतो. आडवे झालो की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून तो रात्री जास्त. आणि मग नस मरते. ठणका थांबतो तो दात बरा झाला म्हणून नव्हे, सांगणाराच मेला म्हणून. खाली मात्र पू साचत राहतो.

पहिल्या पायरीवर गेलो असतो, तर एका बैठकीत सिमेंट भरून भागले असते. दुसऱ्या पायरीवर मुळांची सफाई करून, वर टोपी बसवून दाढ वाचली असती. मी तिसरीही ओलांडली होती. दाढ काढावी लागली. काढताना दुखले का? सुई टोचताना मुंगी चावावी इतकेच. पुढे ओढल्याचे कळले, दुखल्याचे नाही. पूर्वी शिलाई मशीनसारखे पायाने चालवायचे यंत्र दात कोरी. ते सावकाश फिरे आणि डोके हादरवी. १९५७ साली हवेच्या दाबाने मिनिटाला लाखो फेरे घेणारे यंत्र आले, आणि सोबत पाण्याचा फवारा, दात तापू नये म्हणून. सुई एकदा वापरली की फेकतात, हत्यारे दाबाच्या वाफेत निर्जंतुक करतात. मला जे सोसावे लागले, ते त्या खुर्चीत नव्हे. खुर्चीपर्यंत जायच्या त्या महिन्यांत.

आता आपल्याकडच्या काही समजुती. वरची दाढ काढली की डोळे जातात म्हणतात. वरच्या दातांची नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी; दाढ काढल्याने दृष्टी जात नाही. ती समजूत बहुधा अशी रुजली, की दाढा काढायचे वय आणि चष्मा लागायचे वय एकच! दात साफ केले की हलू लागतात, हेही ऐकतो. खरे म्हणजे दात आधीच सैल झालेले असतात, साठलेल्या दगडाने ते धरल्यासारखे वाटतात. तो दगडच हिरडी आणि हाड खातो. तिसरी समजूत मुलांबाबतची: दुधाचेच दात, पडणारच आहेत. पण सुमारे सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती कायमची असते. ती किडली तर दुसरी येत नाही. घरात सहा-सात वर्षांचे पोर असेल, तर आजच दिव्याखाली त्याचे तोंड उघडून पाहा.

आणि एक गोष्ट बजावून सांगायची, ती तंबाखूची. आपल्या बायकांची मशेरी, पुरुषांचा विडा, तरुणांच्या पुड्या. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ साली बंदी आली, तोंडातून मात्र तो गेलेला नाही. साधी परीक्षा सांगतो: स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील, तिखटाने तोंड भाजत असेल, किंवा एखादा पांढरा-लाल चट्टा अगर जखम दोन आठवड्यांत भरत नसेल, तर दुखण्याची वाट पाहू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला पुष्कळदा दुखतच नाही, आणि त्याच वेळी तो बरा होण्याजोगा असतो. दाताची दिरंगाई दाढेवर निभावते. ही जिवावर बेतते.

तेव्हा करायचे फार थोडे आहे. सकाळी आणि विशेषतः झोपताना दात घासा. गोड खायचे ते जेवणाबरोबर खा, दिवसभर चघळू नका. आणि काही दुखत नसताना वर्षातून एकदा दात दाखवून या. न दुखणाऱ्या दाताचा इलाज दुखत नाही, आणि स्वस्तातही पडतो.

परवा मी त्याच दवाखान्यात नातवाला घेऊन गेलो. खुर्ची वर-खाली होते हे पाहून तो उतरेचना; आणखी एकदा, आणखी एकदा म्हणत होता. बाहेर बसलो असताना माझ्या लक्षात आले, की माझा हात गालावर आहे. मी तो मुकाट्याने खाली घेतला.