मधला अंक

कबाडीवाल्यानं काटा धरला आणि म्हणाला, "साहब, ये चिकना कागज है, इसका रेट कम लगेगा." साध्या वर्तमानपत्राला जो भाव, त्याहून गुळगुळीत छपाईच्या मासिकांना कमी. मासिकांच्या बाबतीत इतकी खरी गोष्ट गेल्या दहा वर्षांत कोणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं.

निवृत्तीनंतर आम्ही गाझियाबादचा फ्लॅट विकून सांगलीला परत निघालोय. माळ्यावरच्या ट्रंकेत एअरगनची मासिकं होती, बहुतेक इंग्लंडची, बहुतेक दर्यागंजच्या फुटपाथवरून आणलेली. सामान बांधायला गुडगावहून भाचा आला होता. त्यानं एक अंक उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मामा, छर्ऱ्याच्या बंदुकीबद्दल दर महिन्याला नवीन असं वाचायला काय असायचं?"

प्रश्न खवचट नव्हता, म्हणूनच लागला.

माझ्या लहानपणी एअरगन म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक. तिची माशी मुद्दाम वाकवलेली असते, ही तक्रार करत आम्ही मोठे झालो. इंग्लंडात 'एअरगन वर्ल्ड' 1977 साली निघालं, 1982 च्या एशियाडसाठी दिल्लीत तुघलकाबादची रेंज झाली, 1984 मध्ये दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली. यातलं काहीही सांगलीपर्यंत पोचलं नाही. ती वर्षं मी परीक्षा देण्यात घालवली, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

खरं दशक सुरू झालं ते 1992 साली, मी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आलो तेव्हा. आर.के. पुरमचं क्वार्टर, सोमवार ते शुक्रवार फायली, आणि रविवारी दर्यागंज. दिल्ली गेटपासून गोलचा सिनेमाच्या पुढेपर्यंत फुटपाथवर प्लास्टिक अंथरून पुस्तकं मांडलेली असत. नवी विदेशी मासिकं कनॉट प्लेसला मिळत, पण सरकारी पगारात त्यांची फक्त मुखपृष्ठं वाचता यायची. दर्यागंजला तीच मासिकं दोनपाच वर्षं शिळी होऊन येत. विक्रेता भाव मजकुरावरून नाही, मुखपृष्ठावरून ठरवायचा. विणकामाचं मासिक पाच रुपये, मोटारीचं पंधरा, आणि बंदूक दिसली की वीस. मी अंक विणकामाच्या दोन अंकांमध्ये सरकवून "तीनों का क्या लगाओगे?" विचारायला शिकलो. बायकोकडं त्या काळात विणकामाचे नमुने भरपूर जमले होते, आणि ती विणत नसे.

रायफल माझ्याकडे देशी होती. इंडियन ह्यूम पाइप, म्हणजे वालचंद हिराचंदांनी 1926 मध्ये काढलेली, सिमेंटचे पाइप करणारी कंपनी. ती एअर रायफलीही बनवायची. नळी मोडून छर्रा भरायचा, एक नंबरचा, म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन. काश्मिरी गेटच्या दुकानदारानं ती देताना एवढंच सांगितलं होतं, "कसकर पकडो, साँस रोको, दबा दो." वर्षभर मी घट्ट धरून, श्वास रोखून चुकत राहिलो.

चूक कळली ती वीस रुपयांच्या अंकातून. स्प्रिंगच्या रायफलीत घोडा दाबल्यावर आतला जड पिस्टन पुढं धावतो, हवेच्या उशीवर आदळतो आणि मागं उसळतो. हे सगळं छर्रा नळीत असतानाच होतं. म्हणजे बंदूक आधी हलते आणि छर्रा नंतर सुटतो. तिला आवळून धरलं की प्रत्येक वेळी वेगळी आवळली जाते, आणि नेम भरकटतो. उघड्या तळहातावर नुसती टेकवायची, हलू द्यायची, मग ती दर वेळी सारखीच हलते. मी त्या संध्याकाळी गच्चीवर वाळूची पोती रचून तसं करून पाहिलं. दहा मीटरवर पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले. ते कागदी टार्गेट अजून माझ्या पाकिटात आहे.

मासिकात दर महिन्याला असायचं ते हे. नव्या रायफलीची परीक्षा घेताना दहा छर्ऱ्यांचे दहा वेग छापत. सगळ्यात जास्त, सगळ्यात कमी, दोन्हींतला फरक. पुढच्या महिन्यात एखादा वाचक लिहायचा की तुमचा आकडा चुकलाय, आणि संपादक कबूल करायचा. त्या आकड्यांचं गणितही तिथंच शिकलो. छर्ऱ्याचं वजन ग्रेनमध्ये घ्या, वेग सेकंदाला किती फूट ते घ्या, वेगाच्या वर्गाला वजनानं गुणा आणि 4,50,240 नं भागा. आठ ग्रेनचा छर्रा 820 च्या वेगानं गेला तर जवळजवळ 12 फूट-पौंड भरतात, आणि तीच इंग्लंडात बिनपरवाना रायफलीची मर्यादा. आपल्याकडे तेव्हा छर्रा ठरावीक लाकडी फळीच्या आरपार जातो की नाही, यावर कायद्याचा निर्णय असायचा. ग्राहकाला सांगताना आमचा दुकानदार मात्र फळीऐवजी शपथ वापरायचा.

संग्राहकांची पानं मला आधी कंटाळवाणी वाटायची. जुन्या वेब्ली पिस्तुलांचे क्रमांक, बीएसएच्या कुठल्या सालच्या दस्त्यावर कशी नक्षी, एली कंपनीच्या 'वास्प' छर्ऱ्यांच्या डब्यांवरचे बदलते रंग. मग एकदा एका सहकाऱ्याच्या आजोबांची गंजलेली बीएसए हातात आली आणि त्या पानांवरून तिचं वय निघालं. भंगारात जायची ती भिंतीवर गेली. रिकाम्या डब्याचं छायाचित्र मोठं करून छापणाऱ्या माणसाबद्दल त्या दिवसापासून माझ्या मनात आदर आहे.

आता जुने हिशेब. 1996 मध्ये मी एका एजंटाकडे वर्षाची वर्गणी भरली आणि मला चार अंक मिळाले. उरलेले आठ कस्टम्समध्ये अडकले, असं तो सांगायचा. बंदुकीचं चित्र आहे ना, साहेब. ऑफिसातले एक वरिष्ठ मराठी गृहस्थ मला बारा वर्षं "काय, किती चिमण्या पाडल्या?" विचारत राहिले. मी आयुष्यात एकही पाखरू मारलं नाही, हे त्यांना सांगून थकलो. आणि मासिकंही धुतल्या तांदळाची नव्हती. कुठल्याही नव्या रायफलीला वाईट म्हणायची त्यांची छाती नव्हती. 'ट्रिगर थोडा सवयीचा व्हावा लागतो' असं छापलं की समजून जायचं, कारण समोरच्या पानावर तिचीच रंगीत जाहिरात असे. मधली कितीतरी पानं टांगलेल्या सशांची नि पारव्यांची. ती मी पटकन उलटायचो. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, तरी एअरगननं पाखरं मारणं थांबलं नाही. अरुणाचल प्रदेशात 2021 साली लोकांनी एअरगन आणून सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम काढावी लागली. त्या बंदुका कागदावर नेम धरत नव्हत्या. त्यामुळे माझा छंद निरागस होता असं मी म्हणत नाही. पण निदान मासिकात त्यावर दर महिन्याला भांडण व्हायचं, नावगावासकट.

2002 नंतरची वर्षं भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. दर्यागंजचे गठ्ठे बारीक झाले. कनॉट प्लेसच्या व्हरांड्यात मी जिथं मुखपृष्ठं वाचायचो, तिथं मोबाइलची कव्हरं टांगली गेली.

11 ऑगस्ट 2008 ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं 700.5 गुण मारले. या देशाचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण, आणि तेही एअर रायफलचं. मी त्या आठवड्यात वेड्यासारखा तीन स्टॉल फिरलो. क्रिकेटची मासिकं होती, कारची होती, लग्नाच्या साड्यांची होती. छर्ऱ्याच्या बंदुकीवर देशी एकही नव्हतं. मला आजतागायत एकही दिसलेलं नाही. दहा मीटरच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याबद्दल आपल्या कुठल्याही भाषेत महिन्याला चार पानं निघाली नाहीत, याचं मला सुवर्णाच्या आनंदातही वाईट वाटलं.

पुढं 2016 चे शस्त्र नियम आले. आता 20 जूलपेक्षा जास्त शक्ती किंवा पॉइंट वन सेव्हन सेव्हनपेक्षा मोठी नळी असेल तर लायसन्स लागतं. नियम स्पष्ट आहे. तो समजावून सांगणारं नियतकालिक तेवढं नाही. जुलै 2019 मध्ये हायकोर्टानं दर्यागंजचा फुटपाथ मोकळा करायला सांगितला आणि बाजार आसफ अली रोडवरच्या महिला हाटमध्ये गेला. तिथं ओटे आहेत, आखलेल्या जागा आहेत, आणि बहुतेक परीक्षांची गाइडं आहेत. 2020 मध्ये दिल्लीचीच 'नंदन', 'कादंबिनी' आणि 1978 पासूनचं 'क्रिकेट सम्राट' बंद पडली. ज्या देशात क्रिकेटचं मासिक जगत नाही, तिथं छर्ऱ्यांचं काय घेऊन बसलात! रेंजवरही आता टार्गेट कागदाचं नाही, पडद्यावर गुण उमटतात. पाकिटात ठेवायला काही उरत नाही.

भाच्याला यातलं अर्धं सांगेपर्यंत त्यानं फोन पुढं केला. "हे बघा ना मामा, एका मिनिटात सगळं सांगतो हा." पडद्यावरचा इसम एका पातेल्याला भोकं पाडत होता आणि ओरडत होता, वेग 1300, लायसन्सची गरज नाही!

मी कबाडीवाल्याकडून पेन्सिल घेतली. आठ ग्रेन, 1300 चा वर्ग, भागिले 4,50,240. तीस फूट-पौंड. म्हणजे साधारण 40 जूल, मर्यादेच्या दुप्पट. हलका छर्रा धरला तरी 20 च्या खाली येत नव्हतं. "हा माणूस एक तर वेगाबद्दल खोटं बोलतोय, नाही तर लायसन्सबद्दल," मी म्हटलं. भाच्यानं फोनच्या कॅल्क्युलेटरवर ताळा केला. बरोबर आला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या चिकन्या कागदानं मिळवलेला हा बहुधा शेवटचा विजय.

तो फार टिकला नाही. ट्रंकेच्या तळाशी एका लेखमालेचे दोन अंक होते, स्प्रिंगची रायफल उघडून नीट कशी करावी, भाग पहिला आणि तिसरा. दुसरा दर्यागंजला कधी आलाच नाही. 1998 च्या एका रविवारी मी मधल्या भागाशिवायच रायफल उघडली होती. मागची पिन काढताच दाबलेली स्प्रिंग सुटली, ट्यूबलाइट फुटली आणि माझ्या भुवईला तीन टाके पडले.

भाच्यानं मासिकाचं नाव आणि महिना फोनवर टाकला. कोणीतरी तो अंक पानन् पान स्कॅन करून ठेवला होता. सत्तावीस वर्षं जे शोधत होतो ते त्यानं अर्ध्या मिनिटात काढून दिलं, आणि चहा सांगायला आत गेला. दुसऱ्या भागाच्या पहिल्याच परिच्छेदात ठळक अक्षरांत छापलं होतं की स्प्रिंग क्लॅम्पमध्ये आवळल्याखेरीज पिनेला हात लावू नये.

कबाडीवाला काटा धरून उभाच होता. "तो ये दोनों भी डाल दूँ, साहब?"

"नको," म्हटलं, "हे दोन सांगलीला जातील."